तारेनं बांधलेलं नाक

मी कार्ट बोलतेय. कार्टं नव्हे, कार्ट. कंग्राळीच्या भरमूआप्पांना हा फरक कधीच कळला नाही. "इक्रमचं कार्टं अंगणात पसरलंय, त्येला आत घ्या रं कुणीतरी," असं ते ओरडायचे आणि त्यांची नात तेजस्वी पोट धरून हसायची. ते हसू मी बरेच दिवस ऐकलेलं नाही.

मी लहान मुलांच्या शर्यतीतली गाडी आहे. मला दार नाही, टप नाही, काच नाही. लोखंडी पाइपांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, एक खोलगट खुर्ची आणि खुर्चीला चिकटून इंजिन. पायाशी दोन पेडल, उजवं पळायला आणि डावं थांबायला. खुर्चीला पट्टा नसतो हे ऐकून नवी माणसं दचकतात. पण मी उलटले तर आतलं मूल माझ्याखाली चिरडलं जाऊ नये, बाहेर फेकलं जावं, म्हणून तो ठेवलेलाच नाही. डोक्यावर हेल्मेट, मानेभोवती जाड कॉलर आणि बरगड्यांवर कवच, एवढ्यावर ते मूल सुटतं. बाकीचं सगळं शेजारी पळणाऱ्या मुलांच्या वागण्यावर अवलंबून.

आणि पुढं माझं नाक. रुंद प्लास्टिकचा बंपर, दोन खिट्ट्यांवर बसवलेला. पुढच्या गाडीला जोरात धडक दिली की तो खिट्ट्यांतून सुटून मागं दबतो. शर्यत संपल्यावर ज्याचं नाक सुटलेलं दिसेल, त्यानं ठोकलं हे उघड होतं आणि त्याचा नंबर खाली जातो. माणसं खोटं बोलतात हे नियम करणाऱ्यांना ठाऊक असावं. त्यांनी साक्ष द्यायचं काम माझ्या नाकावर सोपवलं.

बेळगावच्या उद्यमबागेत, पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. नागेंद्र नावाच्या वेल्डरनं माझे सांधे जोडले. शेवटचा सांधा थंड झाल्यावर त्यानं मला हातानं हलवून बघितलं आणि कानडीत म्हणाला, "चलो आगेती." म्हणजे छान झाली. माझ्याबद्दल कुणी निव्वळ कौतुकानं बोलल्याचा तो पहिला प्रसंग.

मला घेतलं विक्रमनं. भरमूआप्पांचा हा मुलगा उद्यमबागेतच एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होता. घरची शेती होती, नोकरीही होती, तरी माणूस अर्धपोटी असल्यासारखा वागायचा. आप्पांकडं एकेकाळी शर्यतीची बैलजोडी होती. ती जोडी कुठल्याच माळावर पहिली आली नव्हती. गावातल्या मोठ्या घरच्या पोरांनी त्यावरून लहानपणी विक्रमला फार चिडवलं होतं. ती पोरं आता केस पिकलेली, लेकराबाळांची झाली होती. विक्रम मात्र अजून त्यांच्याशीच शर्यत लावत होता.

तेजस्वी माझ्या खुर्चीत पहिल्यांदा बसली तेव्हा नऊ वर्षांची होती. पाय पोचेनात म्हणून विक्रमनं पेडलला लाकडी ठोकळे बांधले. कार्टला माणूस कळतो तो तळपायातून. तेजस्वीचा तळपाय हलका होता. वळणाआधी ती ब्रेकवर पाय असा ठेवायची, की जणू झोपलेल्या वासराला उठवतेय. वळण नीट कापलं गेलं की हेल्मेटच्या आत गुणगुणायची. ते गुणगुणणं फक्त मला ऐकू यायचं.

निपाणीकडं जाणाऱ्या हायवेला लागून ट्रॅक होता. तिथं तिला सम्मेद भेटला. निपाणीच्या अतुलशेठचा मुलगा. अतुलचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. सम्मेद तेजस्वीच्याच वयाचा, काडीसारखा, आणि शर्यतीत बहुतेक वेळा तिच्या पुढं. दोघांची गट्टी जमली ती डब्यावरून. सम्मेदच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत, त्यामुळं शेवटची शर्यत संपली की तो माझ्या चाकाला टेकून डबा उघडायचा. तेजस्वीची आई दिपाली त्याच्यासाठी शेंगाची चटणी लसूण न घालता वेगळी कुटून द्यायची.

"तू मला पुढं का जाऊ देत न्हाईस रं?" तेजस्वी विचारायची.

"तू ये की. मी कुठं दार लावलोय?" तो म्हणायचा.

दोघं बोटं चाटत हसायची. त्यांचे बाप मात्र एकमेकांपासून लांब, कुंपणाच्या दोन टोकांना उभे राहायचे.

तेजस्वी बारा वर्षांची झाली त्या साली एका शर्यतीत ती दुसरी पळत होती. सम्मेद त्या दिवशी आला नव्हता. पुढच्या मुलाची गाडी वळणावर गरकन फिरून आडवी झाली. पिवळा झेंडा हलला. पिवळा म्हणजे पुढं धोका आहे, वेग कमी करा, कुणाच्या पुढं जाऊ नका. तेजस्वीनं पाय काढला. आडव्या गाडीतला मुलगा धडपडत उठत होता. तिनं त्याला लांबून वळसा घातला. मागच्या तीन मुलांनी झेंड्याकडं बघितलंही नाही, ती तिच्या अंगाला घासून पुढं गेली. त्यांना कुणी पकडलं नाही. तेजस्वी चौथी आली.

विक्रमनं मला पिकअपच्या हौद्यात दोरानं बांधलं, तोंड बाजूला, एका अंगाला केबिन आणि दुसऱ्या अंगाला मागचा रस्ता. म्हणून पुढचं सगळं मी बघितलं.

हायवे सोडून गाडी सर्व्हिस रोडला लागली आणि थांबली. मे महिन्याची दुपार होती.

"उतर," विक्रम म्हणाला.

"पप्पा?"

"उतर म्हणतोय न्हवं. झेंडा बघून हळू जात्यास ना? मग हळूच ये आता. चालत. आणि हेल्मेट घाल. रेसर हायस न्हवं तू?"

तिच्या अंगात शर्यतीचा जाड सूट होता. तिनं हेल्मेट घातलं. पिकअप चालू झाली, माणसाच्या चालीपेक्षा थोडी जोरात. ती मागून चालू लागली, मग पळू लागली. हौद्याच्या फळीला तिचा हात लागतोय असं वाटलं की विक्रम गाडी पुढं काढायचा. डांबर वितळल्यासारखं चमकत होतं. एक दुधाची गाडी शेजारून गेली. आतल्या माणसाला वाटलं पोरगी सराव करतेय, त्यानं अंगठा दाखवला.

केबिनमध्ये दिपाली बसली होती. तिचं डोकं मला मागच्या काचेतून दिसत होतं. ते एकदाही मागं वळलं नाही.

तेजस्वी ओकली तेव्हा गाडी थांबली. हेल्मेट काढायला तिला वेळ मिळाला नाही. विक्रम खाली उतरला, हेल्मेट काढून बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, तिचं तोंडही धुतलं. अगदी मायेनं. "पुढच्या बारीला पाय काढशील?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

त्या उन्हाळ्यात विक्रमनं तिला ठोकायला शिकवलं. कंग्राळीच्या माळावर जुने टायर रचायचा आणि मला त्यांच्यावर घालायला लावायचा. "समोरच्याच्या मागच्या चाकावर नाक घाल. मधी न्हवं, डाव्या चाकावर. मग तो आपोआप फिरतोय. तुला काय करायचं न्हाय, नुसता पाय ठेवायचा." ठोकताना तिचा तळपाय थरथरायचा, आणि तो थरथरला की विक्रमला नेमकं कळायचं. "परत," तो म्हणायचा. हळूहळू थरथर गेली. गुणगुणणंही गेलं.

शेवटी त्यानं माझ्या नाकाच्या खिट्ट्या बारीक तारेनं आवळल्या. तारेला काळा रंग दिला. आता कितीही ठोकलं तरी नाक सुटणार नव्हतं.

"पप्पा, ह्ये चालतंय व्हय?" तेजस्वीनं विचारलं.

"समदे चालवत्यात."

मोठी शर्यत जूनच्या तोंडावर होती. सकाळी सगळ्या मुलांना मंडपात बसवून राजश्रीबाईंनी नियम समजावले. या टिळकवाडीच्या, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. ट्रॅकवरच्या प्रमुख पंच त्याच होत्या. झेंडे एकेक करून दाखवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी वाकली तर सरळ होते. तुमच्या पुढं जी गाडी असते ना, तिच्यात हाडं असतात. एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल." मुलांनी एका सुरात "हो मॅडम" म्हटलं. मागं उभे असलेले बाप मोबाईल बघत होते.

शेवटची फेरी आली तेव्हा सम्मेद पहिला होता, आम्ही दुसरे. शेवटच्या वळणाच्या आत कुंपणाला विक्रम उभा होता. तेजस्वीनं त्याच्याकडं एकदाच बघितलं. त्यानं हात वर केला नाही, ओरडला नाही. नुसतं बोट खाली दाखवलं, जमिनीकडं. पाय.

सम्मेदनं वळणासाठी वेग कमी केला. तो करायचाच होता, प्रत्येक फेरीत तिथंच करायचा. तेजस्वीचा उजवा पाय पेडलवर तसाच राहिला. माझं नाक त्याच्या डाव्या चाकावर गेलं. चाकावर चाक चढलं आणि त्याची गाडी वर उठली. त्या गाडीचं पोट मला खालून दिसलं. ती टायरांच्या रांगेवर आपटून पलीकडं पडली. सम्मेद बाहेर फेकला गेला, जसा जायला हवा तसाच, पण उजवा हात स्टिअरिंगमध्ये अडकून राहिला आणि गाडी त्या हातावर आली.

आम्ही रेषा ओलांडली. काळा-पांढरा झेंडा आमच्यासाठी हलला.

तपासणीत एक माणूस आला. माझं नाक जागेवर आहे हे त्यानं उभ्याउभ्याच बघितलं आणि पुढं गेला. वाकला असता तर तार दिसली असती. राजश्रीबाईंनी तेजस्वीला विचारलं, "काय झालं?" विक्रमचा हात पोरीच्या खांद्यावर होता.

"त्यानं मधेच ब्रेक मारला," तेजस्वी म्हणाली.

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. पण नाक सुटलेलं नव्हतं, आणि नियम नियम असतात. अपघात, असं ठरलं. अॅम्ब्युलन्स बेळगावच्या दिशेनं गेली. तिचा आवाज विरायच्या आत माईकवरून विजेत्यांची नावं वाचायला सुरुवात झाली. विक्रमनं तेजस्वीला दोन्ही हातांनी उचलून चौथऱ्यावर ठेवलं. कप तिच्या गुडघ्याएवढा उंच होता. फोटोवाला तिला हस म्हणाला. ती हसली.

सम्मेदच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. ही बातमी विक्रमनं घरात जेवताना सांगितली. त्यावर, "खेळ म्हटल्यावर लागतंयच," एवढंच म्हणाला आणि भाकरी मागितली. मी ओसरीत होते, मला ऐकू आलं. तेजस्वी ताटावरून उठली आणि बाहेर येऊन माझ्या खुर्चीत बसली. हात स्टिअरिंगवर ठेवून तिनं एकेक बोट उचलून बघितलं, मग तीन मिटून घेतली आणि दोनच बोटांनी स्टिअरिंग धरून बघितलं. धरता येत नव्हतं.

पावसाळा संपल्यावर ट्रॅक पुन्हा सुरू झाला. पहिल्याच रविवारी विक्रम आम्हाला घेऊन गेला. त्या दिवशी अतुलशेठही तिथं होता. सम्मेदची मोडकी गाडी अपघातापासून शेडमागं ताडपत्रीखाली पडली होती, ती न्यायला तो टेम्पो घेऊन आला होता. सम्मेद टेम्पोच्या पायरीवर बसला होता, हात खिशात घालून.

तेजस्वी सरावाला बाहेर पडली. अर्धी फेरी झाल्यावर तिनं मला ट्रॅकवरून खाली काढलं, गवतातून थेट पंचांच्या खोलीसमोर नेलं आणि इंजिन बंद केलं.

राजश्रीबाई बाहेर आल्या. तेजस्वीनं हेल्मेट काढलं. "मॅडम, सम्मेदनं ब्रेक मारला न्हवता. मी मुद्दाम ठोकले. नाकाला तार बांधलीया, बघा."

विक्रम पळत आला. "मॅडम, पोरीच्या मनावर परिणाम झालाय. रात्रीची झोपत न्हाय. तिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका."

पण अतुलनं ऐकलं होतं. त्यानं येऊन विक्रमची कॉलर धरली. "माझ्या पोराचा हात! माझ्या पोराचा हात रं!" तेच चार शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. लोकांनी दोघांना सोडवलं. बाई गवतात गुडघ्यावर बसल्या, माझ्या नाकाखाली त्यांनी बोट फिरवलं आणि तार सापडली. ती काढायची विक्रमला कधी गरजच पडली नव्हती.

मग त्या उठल्या. "तक्रार आली की दोन्ही गाड्या बघायच्या असतात. ताडपत्री काढा."

अतुल दोन पावलं मागं सरला. "मॅडम, ती मोडलीया. तिच्यात काय बघायचं?"

"काढा."

ताडपत्री काढली. स्टिअरिंग वाकलेलं, खुर्ची फुटलेली, एक चाक नाही. एवढ्या उंचावरून आपटलेल्या त्या गाडीचं नाक मात्र जिथल्या तिथं होतं. ते त्या दिवशीही जिथल्या तिथं होतं आणि ते विचित्र आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. बाई वाकल्या. तिथंही तार होती. तिलाही काळा रंग दिलेला होता.

विक्रम आणि अतुल शेजारी शेजारी उभे होते आणि पहिल्यांदाच त्या दोघांत कुंपणाएवढं अंतर नव्हतं.

निकाल बाईंनी तिथंच उभ्यानं सांगितला. तेजस्वीला दोन वर्षं बंदी, कप परत. सम्मेदच्या त्या सालच्या सगळ्या शर्यती रद्द, सगळे कप परत. "आणि यांचं काय?" कुणीतरी बापांकडं हात दाखवला. बाई म्हणाल्या, "शिक्षा गाडी चालवणाऱ्याला होते. हे गाडी चालवत नाहीत ना. यांना मी फार तर फाटकाबाहेर उभं करीन."

सम्मेद पायरीवरून उठून तेजस्वीजवळ आला. मला वाटलं दोघं रडतील. तिलाही तसंच वाटलं असावं, तिनं पाऊल पुढं टाकलं.

"तुला कोण सांग म्हटलंतं?" तो म्हणाला. "हात तर गेलाच हुता. कप तेवढे हुते घरात. ते पण काढून घेतलीस."

त्यानं खिशातला हात बाहेर काढला नाही. टेम्पोत जाऊन बसला आणि काच वर केली.

घरी आल्यावर विक्रमनं तेजस्वीला मारलं नाही. त्यानं तिच्याशी बोलणं बंद केलं. ती समोर आली की भिंतीकडं बघायचा, तिनं वाढलेलं ताट सरकवून द्यायचा. भरमूआप्पांनी एकदा म्हणून बघितलं, "इक्रम, मी बैलं पळवली, पर हरल्याव वैरण तोडली न्हाई कधी." विक्रम त्यांच्याशीही बोलेनासा झाला.

मग त्यानं मला विकायला काढलं. खानापूरकडचा एक माणूस आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाला माझ्यात बसवून बघितलं, पेडलला ठोकळे बांधावे लागतील म्हणाला. किती पळते, हे त्यानं तीनदा विचारलं. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणून गेला. विक्रमनं माझ्या नाकाला नवी तार बांधून दिली. "ह्ये असू द्या. कामाला येतंय."

आज दुपारी विक्रम कामावर गेल्यावर तेजस्वी त्याच्या पेटीतली हॅकसॉ घेऊन आली. माझ्या शेजारी बसली. खुर्चीखालून जाणारा मोठा पाइप असतो, सगळा भार पेलणारा, नागेंद्रनं सगळ्यात आधी धरला होता तो. तिनं त्यावर पातं ठेवलं. एकदा तुटून पुन्हा सांधलेल्या फ्रेमला ट्रॅकवर कुणी उभं करत नाही हे तिला माहीत होतं.

लोखंड कापायला ताकद लागते. पातं घसरत होतं, पाइप थरथरत होता, तिच्या तळहाताला फोड आले. मी तिला काय सांगणार? मला पळायला आवडायचं. पण मी थरथरायची थांबू शकत नव्हते, एवढंच वाईट वाटत होतं.

दिपाली दारात आली. हॅकसॉ बघितली, पोरीचे हात बघितले. मला वाटलं ती ओरडेल, किंवा नेहमीसारखी आत जाईल. तिनं मागं वळून घराचं दार ओढून घेतलं, पदर कमरेला खोचला, माझ्या दुसऱ्या बाजूला बसली आणि पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आता लाव जोर," ती म्हणाली.

पाइप तुटला तेव्हा बारीक आवाज झाला. मग त्यांनी दुसरा घेतला.

आता माझे दोन तुकडे अंगणात आहेत आणि पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं दिपाली पोरीचे हात पुसतेय. तुमच्यापैकी कुणी आपल्या लेकराला माझ्यासारखीच्या खुर्चीत बसवणार असेल, तर जरूर बसवा. आम्ही वाईट नाही. फक्त एकदा गुडघ्यावर बसून नाकाखाली हात फिरवा. आणि कुंपणाशी उभं असताना आपला हात काय खुणावतोय, तेही बघा.

गल्लीच्या तोंडाशी विक्रमच्या मोटारसायकलचा आवाज आलाय. तेजस्वी हॅकसॉ लपवायला उठली होती. आईनं तिला मनगटाला धरून खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे तिथंच," दिपाली म्हणाली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या, फाटकाकडं तोंड करून.